बाभळीखालचा डेरा

माझ्या नातीचं, चांगुणाचं, वागणं त्या उन्हाळ्यात मला अजिबात पसंत नव्हतं. बापाच्या दहाव्याला पोरगी रडली नाही. सगळ्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून हंबरत होत्या आणि ही खांबाला टेकून स्वतःचे तळवे बघत बसली होती. बरं, तेही सोडून देऊ, ज्याचं त्याचं दुःख. पण पुढं खडीच्या कामावर गेलो, तर ज्यांनी तिचा बाप मारला त्यांच्याच डेऱ्यात ही पाणी ओतायला लागली. तेही मान खाली घालून, मऊ आवाजात, ‘राही आजी, जरा सरका’ म्हणत. आजी म्हणे. मी पलीकडं दगड फोडत बसलेली, आणि ते ‘आजी’ खडीच्या कपच्यासारखं माझ्या कानात रुतायचं.

कोण कोणाचं ते आधी सांगते.

आमची वस्ती घोडेगावच्या पुढं, माळावर. एकाच आडनावाची भावकी आणि तिच्या दोन पात्या, म्हणजे शाखा. थोरली आमची, धाकटी राहीबाईची. मधे एक विहीर, दोघांच्या मालकीची, पाळीपाळीनं पाणी घ्यायचं. पाऊसपाणी चांगलं होतं तेव्हासुद्धा त्या पाळीवरून तोंडं वाजायची. माझा धाकटा दीर छगन तापट डोक्याचा. त्यानं मोटेच्या पाळीवरून राहीबाईच्या नवऱ्याच्या डोक्यात पहार घातली. तो जागेवर गेला. छगन जेलात गेला, सुटून आला, खोकत खोकत मेला. तेव्हापासून दोन पात्यांचं पाणी तुटलं. म्हणजे त्यांच्या भांड्यातलं पाणी आम्ही तोंडाला लावायचं नाही आणि आमच्यातलं त्यांनी. लग्नात नाही, मयतीत नाही, लेकराला ठसका लागला तरी नाही. मी हे जन्मभर पाळलं, आणि ताठ मानेनं पाळलं.

मग हा दुष्काळ आला. पाऊस एक साल हुलकावणी देऊन गेला, दुसऱ्या साली तर फिरकलाच नाही. घोडेगावच्या बाजारात लोक बैल विकायला न्यायचे आणि गिऱ्हाईक नाही म्हणून दावं सोडून तिथंच टाकून यायचे. आमची विहीर तळाला गेली. गाळ काढायला दोन्ही पात्यांची माणसं खाली उतरली. माझा एकुलता एक ल्योक रखमाजी, आणि राहीबाईचा सहादेव. आडवं खोदायचं ते कुणाच्या अंगानं, यावरून बोलाचाली झाली. सहादेवच्या हातात टिकाव होता.

वर चांगुणा दोरावर होती. खालून कुणी तरी ‘वढा’ म्हणून हाळी दिली. तिला वाटलं गाळाची पाटी भरली. मागं अजून दोघं गडी होते, पण पुढचा हात तिचा. तिनं ओढून काढला तो तिचा बाप. दोर हातातून सरसर निसटत होता तरी पोरीनं सोडला नाही. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून गेली. दहाव्याला ती बघत बसली होती ते हेच.

सहादेवला पोलीस नगरला घेऊन गेले. त्यांच्या घरात उरल्या राहीबाई, सून बायडाबाई आणि तिची बोबडं बोलणारी लेक. आमच्या घरात उरलो मी मुक्ताबाई, सून बनाबाई आणि चांगुणा. दोन्हीकडं बायाच.

नाही म्हणायला आमच्या पातीत माझा पुतण्या गोरक्ष आहे. दहाव्याच्या दिवशी तो तंबाखू मळत सगळ्यांच्या देखत म्हणाला, की रखमाजीदादाच्या पोटी पोरगा असता तर धाकट्या पातीच्या घरावर आज कौल राहिलं नसतं. मला तिडीक आली. मी विचारलं, पोरगा तर तूही आहेस, मग तू काय हळदीकुंकवाला आलायस का. ऊठ आणि जा. तो उठून गेला खरा, पण लघवीला गेला तो तिकडूनच घरी गेला. सुतकातसुद्धा बाया पदराआड हसल्या. चांगुणा हसली नाही. ती गोरक्षकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मला ते बघणं तेव्हा कळलं नाही.

पोटाला सुतक कळत नाही. दहाव्यानंतर आठवडा उलटायच्या आत आम्ही तिघी रस्त्याच्या कामावर. माळाच्या उतारावर सरकारनं दगडाचे ढीग टाकले होते, त्यांची खडी करायची. टायरचा तुकडा गोल वळवायचा, त्यात दगड धरायचा आणि वर हातोडी हाणायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, तरी कपचे उडून नडग्यांना लागायचे. धुळीनं नाकाचा वास गेला. जेवणाला लाल मिलो ज्वारीची भाकरी, हातात घेतली की तुटायची, आणि दुपारी सरकारी सुकडी. ती चिमटीचिमटीनं खायची, नाही तर घशात बसते.

मुकादम आप्पासाहेब बेलापूरकडचा. त्याला आमच्या पाण्याची काय माहिती. वस्ती एक, आडनाव एक, म्हणून त्यानं दोन्ही पात्या एकाच टोळीत घातल्या. चांगुणाच्या हाताला हातोडी धरवेना, म्हणून तिला पाणीवाली केली. सकाळी गाडीवर पाण्याचं पिंप यायचं. त्यातून डेरे भरायचे आणि दिवसभर तांब्यानं लोकांच्या ओंजळीत ओतत फिरायचं. आमच्या पातीचा डेरा कडुलिंबाखाली, त्यांचा पलीकडं बाभळीखाली. पहिले काही दिवस बायडाबाई स्वतः घागरीनं त्यांचा डेरा भरायची. पुढं तिच्या पायाला सूज चढली, अन्न नाही म्हणून. तेव्हा चांगुणा आपण होऊन त्यांची घागर न्यायला लागली. राहीबाईनं नाही म्हणायला हवं होतं. पण तिनं सोयीचा कायदा काढला. पाणी सरकारचं, डेरा आमचा, मधे हात कुणाचा ते बघायचं नाही.

त्या संध्याकाळी चुलीपुढं मी पोरीला धरलं. म्हटलं, तुला लाज कशी वाटत नाही. बाप वर काढलास त्या हातानं त्यांचं पाणी भरतेस. ती पिठाचा गोळा मळत राहिली. तळव्यावरच्या खपल्या पिठात ओलावून सुटत होत्या. मुकादमानं सांगितलंय, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मुकादम सांगेल तर त्यांचे पायही चेपशील. बनाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती म्हणाली, सोडा आत्याबाई तिला.

परातीत गोळा थापत चांगुणानं विचारलं, “आजे, सहादेवला फाशी हुईल का?”

“फाशी कोन देतंय. छगनला तरी झाली का? जाईल काही वर्सं, मंग यील परत.”

“यील, आन मंग?”

“मंग काय. हितंच ऱ्हाईल, त्या समोरच्या दारात.”

“आन मंग कोन मरंल?”

उत्तर नसलं की मी आवाज चढवते, ती माझी खोडच आहे. म्हटलं, तवा तापला, भाकर टाक.

दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्याशी आणखीच गोड वागायला लागली. बायडाबाईच्या लेकीला कडेवर घ्यायची, तिच्या नाकाचा शेंबूड पुसायची. तिला वाटीनं पाणी पाजायची, आणि पाजून झालं की तिच्या तोंडाकडं बघत राहायची. मी बनाबाईला म्हटलं, तुझी लेक त्या घरची झाली. बनाबाईची हातोडी चुकून दगडाबाहेर पडली.

पुढं माझीच हातोडी चुकली. डाव्या अंगठ्यावर बसली, नख उभं फाटलं आणि अंगठा वांग्यासारखा सुजला. मुकादम म्हणाला, म्हातारे, उद्या येऊ नको. म्हणून मी घरी राहिले आणि त्या दोघी कामावर गेल्या. ऊन वर आलं तसा अंगठा ठणकायला लागला. हळद लावावी म्हणून कोनाड्यात हात घातला. डबडं हाताला लागलं, पण डबड्यामागं मोकळं लागलं. मी पाट घेतला, वर चढले, बघितलं. कोनाड्यात सगळीकडं धूळ आणि मागच्या कोपऱ्यात एक गोल स्वच्छ जागा. तिथं बाटली असायची. एंड्रिनची, किडीच्या विषाची. रखमाजीनं कपाशीवर मारायला आणलेली, पाऊस होता त्या साली. अर्धी उरली होती. लेकरांच्या हाताला लागू नये म्हणून मीच ती तिथं वर ठेवली होती.

मी पाटावरून खाली आले ती बसलेच. ती ‘राही आजी, सरका जरा’, तो मऊ आवाज, ते कडेवरचं लेकरू, मी गोरक्षला ‘ऊठ आणि जा’ म्हटल्यावरचं तिचं ते बघणं, सगळं एकदम समोर आलं. बाभळीखालच्या डेऱ्यातलं पाणी त्यांच्याशिवाय कुणी पीत नव्हतं. आम्ही पीत नव्हतो, आमच्यामुळं टोळीतलं दुसरं कुणीही तिकडं जात नव्हतं. त्या एका डेऱ्यात काही पडलं तर बरोबर तेवढंच घर जाणार होतं.

डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. वहाणा घालायचं भान राहिलं नाही. माळाची जमीन तव्यासारखी, फुफाटा पायाला चटके देत होता. अंगठा छातीशी धरून मी पळत होते, म्हणजे माझ्या वयाची बाई पळते तेवढं.

वाटेत विहीर लागते. तिथं माझे पाय थांबले. खोटं कशाला सांगू, मनात आलं, होऊ दे. माझा ल्योक गेला, तिचं सगळं जाऊ दे. मी कठड्यावर हात टेकून खाली बघितलं. गाळ वाळून भेगाळला होता. ती पाटी तशीच पडलेली, दोराचं वेटोळं वर कठड्याशी. कुणी उचलायला गेलं नव्हतं. आणि मला सहादेव दिसला. जेलातून सुटून आलेला. आई नाही, बायको नाही, लेक नाही, चुलीत राख नाही. तो कुठं जाणार? सरळ आमच्या दारात. तोवर मी मेलेली असेन. त्याला मारायला रखमाजीच्या रक्ताचं एकच माणूस उरलेलं असेल, चांगुणा. ती जिथं नांदत असेल तिथं तो जाईल. आणि त्याच्या आधी सरकारच तिला उचलून नेईल ते वेगळंच.

मी पुढं पळाले.

कामावर जेवणाची सुट्टी व्हायला थोडा अवकाश होता. लांबूनच आवाज ऐकू आला. बायडाबाई तोंडाला येईल ते बोलत होती. बाभळीच्या सावलीत चांगुणा त्यांच्या डेऱ्यापुढं उभी, डेऱ्याच्या तोंडावरचं झाकण दोन्ही हातांनी दाबून. पुढं बायडाबाई सुजल्या पायांवर डुलत उभी आणि तिची लेक तिच्या लुगड्याला लोंबकळून पाणी पाणी करतेय. बायडाबाई सांगत होती, की सकाळपासून ही पोरगी डेऱ्याजवळ येऊ देत नाही. म्हणते पाणी गढूळ आहे, बसू द्या. गढूळ असलं तर असू दे, लेकराच्या जिभेला कोरड पडली. एवढे दिवस गोड बोलली ती आजचा सूड उगवायलाच का. राहीबाई मागं दगडावर बसून होती. ती नुसती बघत होती.

चांगुणानं मला बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला सगळं कळलं. तिनं टाकलं होतं. टाकलं होतं आणि तिथून हलता येत नव्हतं. सांगितलं तर फास, सांडलं तर का सांडलं म्हणून वस्ती जमणार, बाजूला झालं तर लेकरू पिणार. सकाळपासून ती त्या झाकणावर हात ठेवून उभी होती.

मी खाली वाकले. उजव्या हाताला फोडायचा एक दगड लागला. पोरीला खांद्यानं बाजूला ढकललं आणि दगड डेऱ्यावर घातला.

डेरा दोन ठिकाणी फुटला. सगळं पाणी बाभळीच्या बुडाशी पसरलं आणि त्या जमिनीनं ते बघता बघता अर्धंअधिक पिऊन टाकलं. क्षणभर हातोड्या थांबल्या. मग बायडाबाईनं जो टाहो फोडला तो अजून माझ्या कानात आहे. दुष्काळात कुणाचं पाणी सांडणं म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत.

मी कमरेवर हात ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाले, हा डेरा माझ्या डोळ्यात लई दिवस सलत होता. ज्यांनी माझा ल्योक खाल्ला त्यांनी माझ्या समोर बसून थंड पाणी प्यावं, हे मला बघवत नव्हतं.

माणसं धावत आली. मुकादम आला. त्यानं मला काय काय म्हटलं ते पुन्हा सांगत नाही. भांडखोर, सैतान म्हातारी, माणसात बसवायच्या लायकीची नाही. रजेवर असून कामावर येऊन मडकी फोडते म्हणाला, उद्यापासून तोंड दाखवू नको. गोरक्ष मागं उभा राहून मान डोलवत होता. वर मुकादमाला म्हणाला, आमची काकी पहिल्यापासून अशीच आहे. आयुष्यात मला कुणी असं चारचौघांत बोललं नव्हतं. बोलू दिलं नव्हतं. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. अंगठ्याची चिंधी रक्तानं भरून थेंब पायावर पडत होते, त्यांच्याकडं बघत उभी राहिले.

मुकादमानं शिट्टी वाजवून लोकांना जेवायला पिटाळलं. बनाबाईला मी हातानंच खुणावलं, जा. बाभळीपाशी आम्ही उरलो, दोन्ही घरच्या बाया. बायडाबाई खापऱ्या गोळा करत रडत होती. मी तिला म्हटलं, त्याला हात लावू नको, काच हाय त्यात. काच नव्हती. पण तिनं हात मागं घेतला.

चांगुणा माझ्या कानाशी आली. तिचे दात वाजत होते, त्या उन्हात.

“वतलं तवा कायबी वाटलं न्हाई, आजे. मंग ती पोर वाटी घिऊन आली आन म्हनली, तांगू, पानी.” कमरेला हात लावून तिनं मला बाटली दाखवली. मी ती माझ्या ओच्यात घेतली.

तेवढ्यात चिमण्या आल्या. त्या साली चिमण्यांना माणसाचं भय राहिलं नव्हतं, ओल दिसली की उतरायच्या. मी हुसकावल्या. एक ऐकेना. मुळीच्या खळग्यात उरलेल्या पाण्यात चोच बुडवून प्यायली, थोड्या वेळानं उडायला गेली आणि कुशीवर पडली. पंख थरथरले. बायडाबाईची पाठ होती. राहीबाईनं मात्र बघितलं.

ती दगडावरून उठली. हळूहळू चालत त्या खळग्यापाशी गेली. पायानं चिमणीवर माती ओढली, खळग्यातही ओढली, आणि वरून टाच दाबली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याच्या मयतीपासून आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं. म्हातारी झाली होती ती. मीही तिला तशीच दिसले असेन.

मी हात जोडले नाहीत. मला ते येत नाही. मी वाट बघत होते, की ही आता ओरडेल, मुकादमाला बोलावेल, पोलीस येतील. तिला हक्क होता.

“जाऊबाई,” ती म्हणाली. त्या नावानं तिनं मला कधी हाक मारली होती ते आठवतही नव्हतं. “तुमच्या पोरीनं सकाळधरनं आमाला पान्याला हात लावू दिला न्हाई.”

मी ओच्यातली बाटली मुठीत दाबून धरली.

“बरं क्येलं तिनं.”

एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तुमचा डेरा तर गेला, आता लिंबाखाली चला. लेकरू तहानेलं हाय.

बायडाबाई आडवी आली. म्हणाली, सासरे गेल्यापासून त्यांचं पाणी आपण घेत नाही, आणि आज यांनी डेरा फोडल्यावर घ्यायचं का. राहीबाईनं नातीला कडेवर घेतलं आणि लिंबाकडं चालायला लागली. आमच्या पातीची माणसं भाकरी हातात धरून बघत राहिली. गोरक्षचा घास तोंडात तसाच. राहीबाई आमच्या डेऱ्यापुढं उकिडवी बसली. तिनं ओंजळ केली आणि चांगुणाकडं वर बघितलं.

चांगुणानं तांब्या बुडवला. वर काढताना निम्मं पाणी मातीत गेलं. राहीबाई ओंजळ तशीच धरून बसली. तिच्या डोळ्यासमोर आत्ताच ती चिमणी मेलेली, आणि पाणी ओतणारा हात तोच. पोरीनं तांब्या वाकवला, धार ओंजळीत पडली. राहीबाईनं डोळे मिटले आणि प्यायली. घोट घशाखाली उतरताना मला दिसला. मग दुसरी ओंजळ तिनं नातीच्या तोंडाला लावली. बायडाबाई लांब उभी होती. ती शेवटी आली, पण आमच्याकडं पाठ करून प्यायली. असू दे. ते तिचं तिला.

त्या पिऊन बाजूला झाल्यावर चांगुणा लिंबाच्या बुडाशी गुडघ्यात मान घालून बसली. राहीबाई चार पावलांवर पाठमोरी उभी होती, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी बोलले.

“चांगुणा, वर बघ. मी सांगते ते ध्यानात ठिव, दुसऱ्यांदा सांगनार न्हाई. उद्यापासनं डेरा एकच, ह्या लिंबाखाली. त्यातली पहिली वंजळ तू प्यायची, समद्यांच्या म्होरं, रोज. मंग राही आजीला द्यायची, मंग त्या लेकराला. सहादेव सुटून आला आन मागितलं तर त्यालाबी तूच द्यायचं, आदी सोता पिऊन. तुझ्या बापाच्या पोटी पोरगा न्हाई म्हनून कोनी बोललं तर त्याला माझ्याकडं धाड. ही तुझी शिक्षा हाय, जल्मभराची. आन रडायचं आसंल तर आत्ता रडून घे. उद्या पान्यात थेंब पडला तर मला चालनार न्हाई.”